मेन स्ट्रीट, यू.एस.ए.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे असलेल्या डिस्नेलँड या मनोरंजन उद्यानाचा प्रवेशरस्ता. उद्यानाबरोबरच तो १७ जुलै १९५५ रोजी खुला झाला. साधारण १८९० ते १९१० या काळातल्या एखाद्या लहान अमेरिकन गावाची मुख्य पेठ म्हणून तो उभारला आहे. इथे ना मोठा पाळणा आहे, ना पोटात गोळा आणणारी घसरण. दुकाने, दिवे, खिडक्या आणि फरसबंदी एवढाच ऐवज. तरीही साऱ्या उद्यानात सर्वांत जास्त विचार करून बांधलेला भाग हाच असावा. गंमत म्हणजे त्यातली बरीचशी कारागिरी डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे आणि झपाझप पुढे जाणाऱ्याला ती दिसतच नाही.

या रस्त्याचे मूळ मिसुरी राज्यातल्या मार्सेलीन गावात आहे. उद्यानाचा निर्माता वॉल्ट डिस्ने चार वर्षांचा असताना, १९०६ मध्ये, त्याचे कुटुंब तिथे शेती करायला आले. वडील आजारी पडले, शेत विकावे लागले आणि काही वर्षांतच बिऱ्हाड कॅन्सस सिटीला हलले. तिथे वॉल्टच्या वाट्याला घरोघर वर्तमानपत्रे टाकण्याचे काम आले. मार्सेलीनचे ते थोडे दिवस मात्र त्याच्या मनातून कधी गेले नाहीत. रस्त्याच्या आराखड्यात दुसऱ्याही एका गावाचा वाटा आहे. कलादिग्दर्शक हार्पर गॉफ कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचा. तिथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीवरून इथले सिटी हॉल बेतले आहे.

उद्यानात शिरताना समोर आगगाडीचे स्थानक लागते आणि रुळांखालच्या दोन बोगद्यांपैकी एकातून आत जावे लागते. स्थानक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला मातीचा उंच बांध यांमुळे आतले काही बाहेर दिसत नाही आणि बाहेरचे शहर आत दिसत नाही. बोगद्यावरच्या पाटीवर लिहिले आहे की आजचा दिवस इथे मागे ठेवून तुम्ही काल, उद्या आणि कल्पनेच्या जगात पाऊल टाकत आहात. बोगदा संपला की टाउन स्क्वेअर हा चौक येतो आणि चौकापासून सरळ रस्ता उद्यानातल्या परीकथेतल्यासारख्या किल्ल्याकडे जातो. मार्सेलीन हे सँटा फे रेल्वेच्या मार्गावरचे गाव, आणि डिस्नेलँडच्या आगगाडीवरही १९७४ पर्यंत याच कंपनीचे नाव होते.

इमारती पाहताना काहीतरी वेगळे जाणवते, पण काय ते चटकन सांगता येत नाही. तळमजला जवळजवळ खऱ्या मापाचा आहे. त्यावरचे मजले क्रमाने लहान होत जातात, खिडक्याही लहान होतात, त्यामुळे दोन-तीन मजली इमारत आहे त्यापेक्षा उंच वाटते आणि तरीही अंगावर येत नाही. ही युक्ती रंगभूमीची आणि चित्रपटाच्या सेटची आहे. आराखडा करणाऱ्यांपैकी बरेचजण हॉलिवूडच्या स्टुडिओंतूनच आले होते. आपल्याकडे संगीत नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांवर दूर जाणारा राजमार्ग जसा दिसे, तसा हा रस्ता आहे. फरक इतकाच की इथे पडद्यात शिरून चालता येते. रस्त्याच्या टोकाचा किल्ला जेमतेम ७७ फूट उंच आहे, पण त्याच्याही वरच्या विटा लहान होत गेल्यामुळे तो भव्य भासतो. रस्ता आणि किल्ला एकत्रच पाहावेत. पाहुण्याची पावले आपोआप पुढे पडावीत म्हणून हे टोकाचे आकर्षण मुद्दाम ठेवले आहे.

दर्शनी भिंतींवर प्रत्येक दुकान निराळे. एकाला नक्षीदार लाकडी झालर, दुसऱ्याला पुढे काढलेली खिडकी, तिसऱ्याच्या छपरावर छोटा मनोरा. आत गेल्यावर मात्र कळते की पुष्कळशी दुकाने एकमेकांना जोडलेली आहेत आणि रस्त्यावर न येताही बरेच अंतर काटता येते.

वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर सोनेरी वळणदार अक्षरांत वकील, शिंपी, संगीतशिक्षक अशा व्यावसायिकांची नावे रंगवलेली आहेत. धंदे काल्पनिक आहेत, माणसे खरी. उद्यान घडवणाऱ्यांना दिलेली ही मानवंदना आहे. एका खिडकीवर एलियस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना १८९५ असे लिहिले आहे. हे वॉल्टचे वडील. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर त्यांनी काम केले होते. शिल्पकार ब्लेन गिब्सन याच्या वाट्याला शिल्पकलेच्या शाळेची पाटी आली आहे. या रस्त्यावर थोडाच वेळ असेल, तर तो या खिडक्या वाचण्यात घालवावा.

चौकातल्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर डिस्नेचे छोटेसे घर होते, जुन्या पद्धतीच्या लाल मखमलीने सजवलेले. तो मुक्कामाला असला की खिडकीत दिवा लावलेला असे. १९६६ मध्ये त्याच्या निधनानंतर तो दिवा कायम तेवत ठेवण्यात आला. रस्त्यावरचे गॅसचे दिवे तर खरेच जुने आहेत. बाल्टिमोर आणि फिलाडेल्फिया शहरांनी ते मोडीत काढले होते, तिथून ते आणले. चौकातल्या दोन तोफा फ्रेंच लष्करासाठी एकोणिसाव्या शतकात बनल्या. त्या लढाईत कधी डागल्या गेल्या नाहीत.

पहिल्या दिवशी मात्र हा देखणा रस्ता चांगलाच अडचणीत आला. डांबर घाईघाईने टाकलेले, त्यात कडक ऊन. बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. सुरुवातीची दुकानेही आजच्या मानाने विलक्षण होती. अपजॉन कंपनीचे औषधांचे दुकान होते, बँक ऑफ अमेरिकेची चालू शाखा होती, आणि स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे एक दुकानही होते. ते १९५६ मध्येच बंद झाले. त्याचा पुढचा ओटा मात्र अजून तसाच आहे. मार्केट हाउस या वाणसामानाच्या दुकानात २०१३ पासून कॉफी मिळते, पण भिंतीवरचे जुने टेलिफोन राहिले आहेत. पूर्वी अनेक घरांत मिळून एकच तार असे आणि शेजाऱ्यांचे बोलणे कानावर पडे. रिसीव्हर उचलला की आजही तसेच कुणाचे तरी बोलणे ऐकू येते. जवळच मिठाईच्या दुकानात कारागीर काचेमागे काम करताना दिसतात आणि गोड वास झडपांतून रस्त्यावर सोडला जातो. घोड्याची ट्राम अजून धावते, संध्याकाळी चौकातला ध्वज सन्मानाने उतरवला जातो.

या रस्त्यावर टीकाही झाली आहे आणि ती रास्त आहे. त्या काळच्या खऱ्या रस्त्यांवर चिखल होता, दारूचे गुत्ते होते, गोऱ्या-काळ्यांमधला उघड भेद होता. त्यातले इथे काहीच नाही. गाळून घेतलेला भूतकाळ म्हणूनच हा रस्ता पाहायला हवा. नगररचनाकारांनी मात्र त्याच्याकडून बरेच घेतले. विकासक जेम्स राउझ यांनी १९६३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बोलताना डिस्नेलँडला अमेरिकेतल्या नगररचनेचा सर्वश्रेष्ठ नमुना म्हटले होते.

डिस्नेच्या पुढच्या उद्यानांतही हा रस्ता गेला. फ्लोरिडात १९७१ मध्ये तो जास्त मोठ्या मापात उभा राहिला. तोक्योत १९८३ मध्ये पावसामुळे त्यावर काचेचे छप्पर आले आणि नाव वर्ल्ड बझार झाले. पॅरिसमध्ये १९९२ पासून तिथल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छताखालच्या गल्ल्या आहेत. हाँगकाँगचा २००५ मधला रस्ता ॲनाहाइमच्या रस्त्याशी सर्वांत मिळताजुळता. शांघायमध्ये २०१६ मध्ये अमेरिकन गाव पूर्णपणे वगळले गेले. तिथे पाहुण्यांचे स्वागत मिकी आणि त्याच्या मित्रमंडळींच्या नावाने सजलेला मिकी ॲव्हेन्यू करतो.