संक्रांतीच्या सकाळीच इतका अंधार कसा काय?

आम्ही ठाणे पूर्वेला राहतो, कोपरीत. बाल्कनीतून खाडी आणि पलीकडे पारसिकचा डोंगर दिसतो. मुलगी पावणेसातला शाळेच्या व्हॅनसाठी खाली उतरते, आणि यंदा संक्रांतीला उतरता उतरता तिने आजीला पकडलंच, "तू तर म्हणालीस आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, मग डिसेंबरपेक्षा जास्त अंधार का?" आजीने तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

पोरीचं बरोबर होतं. 22 डिसेंबरला आपल्याकडे सूर्य उगवतो 7:07 च्या सुमारास, संक्रांतीला 7:14. म्हणजे चक्क उशिरा! पण संध्याकाळी 6:05 ला मावळणारा तोवर 6:19 पर्यंत टिकतो. सकाळी सात मिनिटं गेली, संध्याकाळी चौदा आली, दिवस सात मिनिटांनी वाढला. आजीही खोटं बोलत नव्हती, फक्त वाढ सगळी संध्याकाळच्या खात्यात जमा होते आणि सकाळी व्हॅन पकडणाऱ्याला काही मिळत नाही.

असं का, तर पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी घेईपर्यंत सूर्याभोवतीही थोडी पुढे गेलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर आणायला तिला जरा जास्त वळावं लागतं. जानेवारीच्या 3-4 तारखेला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, म्हणून या दिवसांत पळतेही जोरात, त्यात तिचा आस कललेला. सगळं मिळून एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत 24 तासांवर जवळजवळ अर्धा मिनिट जास्त लागतो आणि तीन आठवड्यांत दहा-अकरा मिनिटं साचतात. घड्याळ बिचारं 24 तासांचाच हट्ट धरून बसलेलं, म्हणून त्यात उगवणं आणि मावळणं दोन्ही पुढे सरकलेलं दिसतं.

आता खरी गंमत. "आजपासून उत्तरायण" हे आपण 14 जानेवारीला म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरलाच. मग पूर्वजांचं चुकलं का? नाही हो. मकर संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जाणं, आणि आपलं पंचांग राशी मोजतं ताऱ्यांवरून. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी यायच्या. पण पृथ्वीचा आस मंदावत चाललेल्या भोवऱ्यासारखा डोलतो, एक फेरी सुमारे 25,800 वर्षांची, त्याला परांचन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं भरतं. वीस मिनिटं म्हणजे काय, ठाण्याहून घाटकोपर! पण साठत साठत 71-72 वर्षांत एक दिवस होतो.

म्हणून 1863 मध्ये विवेकानंद जन्मले तो 12 जानेवारीचा दिवस संक्रांतीचा होता. आणि पानिपत? "मराठ्यांवर संक्रांत कोसळली" म्हणून 14 जानेवारी 1761 हा संक्रांतीचाच दिवस होता असं आपण बिनधास्त सांगतो, मीही सांगायचो, पण हिशोब मांडला तर त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. असंच चालू राहिलं तर अजून 11 हजार वर्षांनी ती जूनमध्ये येईल, पावसात पतंग आणि चिकट झालेले तिळगुळाचे लाडू.

खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने हे सगळं ओळखूनच 1957 पासूनचं राष्ट्रीय पंचांग ऋतूंना बांधलं, त्यात 22 डिसेंबरला पौष 1 असतो. सरकारी कागदांवर आणि आकाशवाणीवर ते आहे, तिळगुळाला मात्र कोणी हात लावला नाही आणि माझ्या मते बरंच झालं. थंडीत तीळ, गूळ, भोगीची बाजरीची भाकरी हे सगळं पोटाला लागतंच, मग सूर्य कुठल्याही राशीत असो.

डिसेंबरमध्ये मुलीने आईची एक टिकली बाल्कनीच्या काचेवर चिकटवली होती, 22 तारखेला डोंगरामागून सूर्य जिथे वर आला तिथे, आणि उभं राहायची फरशी खडूने आखून ठेवली होती. संक्रांतीला व्हॅन गेली, मग सव्वासातला मीच त्या फरशीवर उभा राहिलो, हात लांब करून करंगळीने मोजलं. सूर्य टिकलीच्या डावीकडे दोन करंगळ्या सरकला होता. संध्याकाळी तिला सांगितलं तर म्हणते, "मग आजीला डिसेंबरपासूनच लाडू करायला सांगूया ना."