तीन डॉलरची शर्यत मिरामारला परवडेल का?

ऑक्टोबर लागला की समुद्राचा पावसाळी गढूळपणा हळूहळू निवळतो आणि पणजीच्या मिरामार ते दोनापावला रस्त्यावर पहाटे साडेपाचला लाखालाखाच्या सायकली दिसू लागतात. तासा-दीड तासाने हीच मंडळी करंझाळ्याला भाजी-पाव खायला थांबते. विषय ठरलेला असतो: यंदा आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या त्या मोठ्या शर्यतीची, फी किती झाली? त्यावरचं उत्तरही ठरलेलंच. "मेडल नको, टी-शर्ट नको, बॅग नको. नुसतं अंतर आखून द्या, वेळ सांगा. अशी स्वस्तातली शर्यत कुणी ठेवली तर पहिलं नाव माझं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि स्वतःही म्हटलंय, की त्यात तथ्य किती हे एकदा बघावंसं वाटलं. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, कारण नुसत्या शर्यतीची ही कल्पना नवी नाही. हा खेळ जन्मालाच तसा आला.

२५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये, मिशन बे नावाच्या खाडीवर, तिथल्या ट्रॅक क्लबने पळणं, सायकल आणि पोहणं एकत्र करून एक संध्याकाळची शर्यत, म्हणजे ट्रायथलॉन, ठेवली. फी एक डॉलर, स्पर्धक ४६. मागे राहिलेले पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा काठावरच्या मोटारींचे दिवे लावून त्यांना वाट दाखवावी लागली. या ४६ जणांत नौदलातला अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्याची बायको ज्युडी होती.

पुढे हे दाम्पत्य हवाईला गेलं. तिथे एका बक्षीस समारंभात वाद रंगला, जास्त दमदार कोण, पळणारे की पोहणारे की सायकलवाले? कॉलिन्सने तोड काढली. ओआहू बेटावर तेव्हा तीन स्वतंत्र शर्यती होत असत: वायकिकीचं समुद्री पोहणं, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. तिन्ही एकापुढे एक जोडल्या. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. आज जगभर जे अंतर पवित्र मानलं जातं ते असं, हाताशी होतं त्यातून जुळवलेलं आहे. हीच पहिली आयर्नमॅन. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ पोहोचले. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. प्रवेश फी होती तीन डॉलर.

सगळे इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, तीन डॉलर! पण त्या तीन डॉलरांत काय नव्हतं, गोष्ट तिथे आहे. पाण्याची टेबलं नव्हती. प्रत्येकाने आपापली माणसं, आपापली गाडी, आपापलं खाणंपिणं आणायचं होतं. जॉन डनबार बराच वेळ पुढे होता. धावताना त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बियर पाजली, आणि तो दुसरा आला. म्हणजे शर्यत स्वस्त नव्हती. आयोजकाने खर्च स्पर्धकाच्या, त्याच्या मित्रांच्या आणि त्यांच्या गाडीच्या पेट्रोलच्या खात्यावर टाकला होता. स्वस्त शर्यतीबद्दल कुणी बोलू लागलं की मी मनात हाच प्रश्न विचारतो: फी कमी झाली हे ठीक, पण मग भार कुणाकडे गेला?

त्यानंतरचा प्रवास टीव्हीचा. १९८० मध्ये एबीसी वाहिनीने शर्यत दाखवली, १९८१ मध्ये ती मोठ्या बेटावर, कोनाला गेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी पहिल्या नंबरावर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, उठली, पुन्हा कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली आणि मॉस रांगत रांगत रेषेपर्यंत पोहोचली. हे दृश्य घराघरांत दिसलं आणि शर्यतीचा अर्थच बदलला. जिंकण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, पूर्ण करणं महत्त्वाचं ठरलं. पूर्ण करणारा दुसऱ्याला दाखवणार काय? मेडल. ते हातात आलं की त्याला किंमतही आली.

किंमत किती ते मालकीच्या व्यवहारांत दिसतं. आयर्नमॅनची तेव्हाची मालकीण व्हॅलरी सिल्कने हा सगळा पसारा १९९० च्या सुमारास तीस लाख डॉलरना विकला. २०१५ मध्ये चीनच्या वांडा समूहाने तो ६५ कोटी डॉलरना घेतला. २०२० मध्ये तो पुन्हा विकला गेला, तेव्हाचा आकडा ७३ कोटी. आज कोनाच्या शर्यतीची नुसती फी हजार डॉलरच्या वर आहे. रस्त्यावरच्या मॅरेथॉनची कथा फारशी वेगळी नाही. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० मध्ये सेंट्रल पार्कातच गोल गोल फिरून झाली. फी एक डॉलर, सुटले १२७, पोहोचले ५५.

दुसरीकडे एक जुना प्रवाह या सगळ्याला वळसा घालून वाहत राहिला. फ्रान्सचा ओदाक्स क्लब पारिझियां १९०४ पासूनचा. त्याच्या परंपरेतल्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, आज जगभर होतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. हातात एक कार्ड, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी (कंट्रोलवर) शिक्का, पंक्चर आपलं आपण काढायचं. कंट्रोलखेरीज कुठे मदत घेतली तर बाद. भारतात गेल्या पंधरा वर्षांत ब्रेव्हे चांगल्याच रुजल्या आणि गोव्यातले सायकलवालेही त्यात मुरलेत. पणजीहून कारवारला जाऊन परत आलं की जवळपास २०० भरतात. फी मोठ्या शर्यतीच्या तुलनेत किरकोळ. मेडल हवं तर वेगळे पैसे भरा, नको तर नको.

अमेरिकेत सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जो ओक्सने ५० मैलांच्या 'फॅट अ‍ॅस' धावा सुरू केल्या. फी नाही, बक्षीस नाही, मदत नाही, रडणं नाही, असा त्यांचा खाक्या. बार्कलीच्या डोंगरी शर्यतीची अर्ज फी वर्षानुवर्षं एक डॉलर साठ सेंट आणि नवख्याकडून गाडीची एक नंबर प्लेट एवढीच राहिली, आणि तिथे निवड होण्यासाठी लोक जीव टाकतात. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ ला १३ जणांनी सुरू केलेली पाच किलोमीटरची पार्करन आजही फुकट आहे. तिथला भार स्वयंसेवकांवर.

तेव्हा साध्या शर्यतीला माणसं येतात का, याचं उत्तर जगाने केव्हाच दिलंय. येतात. पण कोणत्या खेळात येतात ते बघा: सायकल, पळणं. पोहणं त्यात नाही.

आपल्याकडे मोठ्या शर्यतींचं वारं २००४ च्या मुंबई मॅरेथॉनपासून वाहू लागलं. आयर्नमॅन हा शब्द मराठी घरांत पोहोचवला तो २०१५ मध्ये मिलिंद सोमणने. पन्नाशीत झ्युरिकला जाऊन त्याने १५ तास १९ मिनिटांत शर्यत पुरी केली आणि कॉलनीकॉलनीतल्या काकांनी सायकली घेतल्या. (काकूंनी पुढे काय म्हटलं हा वेगळ्या लेखाचा विषय.) कोल्हापूरकरांनी राजाराम तलावावर स्वतःची ट्रायथलॉन उभी केली, नाव ठेवलं बर्गमॅन. आइसबर्गमधला बर्ग आयर्नला, म्हणजे लोखंडाला, टक्कर देणार, असा कोल्हापुरी विनोद त्यात असावा असं मला वाटतं. मालवणला चिवला किनाऱ्यावर दर वर्षी सागरी जलतरण होतं, तिथे शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे उतरतात. पुण्याहून गोव्यापर्यंतची ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर तर कॉलिन्सच्या पद्धतीला अगदी जवळची: मागून आपली गाडी, आपली माणसं, आपली झोपमोड.

गोव्यात अधिकृत आयर्नमॅन ७०.३ आली ती २० ऑक्टोबर २०१९ ला, मिरामारला. भारतातली पहिली. १.९ किलोमीटर समुद्र, ९० सायकल, २१.१ धावणं. ७०.३ हा आकडा मैलांचा, आपल्या हिशेबाने ११३ किलोमीटर. त्याआधी हे मेडल हवं तर श्रीलंका, मलेशिया, दुबई गाठावं लागे, सायकल खोक्यात भरून विमानात चढवावी लागे. तो खर्च पाहता मिरामारची फी पुणे-मुंबईकरांना स्वस्तच वाटली, आणि पणजीतला माणूस तर घरून चालत सुरुवातीच्या रेषेपर्यंत आला. पुढची दोन वर्षं कोविडने गिळली, २०२२ च्या नोव्हेंबरात शर्यत परतली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत ट्रायथलॉनही मिरामारलाच झाली.

या फीचे पैसे जातात कुठे? मेडल आणि टी-शर्ट हे त्यातले चिल्लर. जमाखर्च कधी पाहिला असेल त्याला ठाऊक असतं की घाऊक भावात टी-शर्टने फारसं बिघडत नाही. खरा खर्च डोळ्यांना दिसत नाही. रस्ते बंद करायला पोलीस आणि बॅरिकेड, रुग्णवाहिका आणि डॉक्टर, टायमिंग चिपची यंत्रणा, पाण्यात होड्या, कयाक आणि जीवरक्षक, विमा, आणि वर नाव वापरण्याचे पैसे. शेवटची बाब सोडली तर यातलं थाटमाट कोणतं आणि गरज कोणती, हे सांगणं सोपं नाही. घोळक्यातला कुणी 'बाकी सगळं काढून टाका' म्हणतो तेव्हा या यादीतलं काय काढायचं ते तो सांगत नाही.

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. वर पोहोचलेल्यांना अचानक गारपीट, थंड पाऊस आणि वाऱ्याने गाठलं. उतरलेल्या १७२ पैकी २१ जण गेले. वारा अडवणारं जाकीट सक्तीच्या सामानात नव्हतं. बऱ्याच जणांनी वजन नको म्हणून ते घेतलं नव्हतं. नको असलेलं ओझं आणि जीव वाचवणारी वस्तू, दोन्ही एकच निघाली.

आमच्या मिरामारचा समुद्र शांत दिसतो, पण मांडवीचं तोंड शेजारी आहे. ओहोटीला पाण्याची ओढ जाणवते आणि मच्छीमारी ट्रॉलर येत-जात असतात. २००८ पासून किनाऱ्यांवर 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक आहेत, पण ते आंघोळीला उतरलेल्या पर्यटकांसाठी. एका वेळी पाण्यात सोडलेल्या शंभर डोक्यांवर नजर ठेवणं हे त्यांचं रोजचं काम नव्हे. ब्रेव्हेत थकलेला माणूस सायकल कडेला लावून एखाद्या बस शेडमध्ये आडवा होऊ शकतो. पाण्यात थकलेल्याला कडा नसते. म्हणून तीन डॉलरची पद्धत सायकलीला लागू पडते, ट्रायथलॉनला अर्धीच. रस्त्याचंही तसंच. रविवारी सकाळी रस्ता बंद झाला की चर्चला निघालेल्या माणसाचीही त्या शर्यतीत थोडी वर्गणी लागते, त्याला न विचारता.

आमच्या ओळखीतल्या काही जणांनी दोनेक वर्षांपूर्वी हे करून पाहिलं. नाव नाही, बॅनर नाही, निकाल वहीत. वर्गणी काढली, त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम एका रापणकार मच्छीमाराच्या होडीला, सोबतच्या दोघांना आणि उभ्या ठेवलेल्या रुग्णवाहिकेला गेली. सायकलचा रस्ता बंद करणं शक्यच नव्हतं, म्हणून पहाटे चारला सुरुवात, डोक्याला दिवे. पोहणं उजाडल्यावर, सगळ्यात शेवटी. मिशन बेला होतं तसंच, हे मला नंतर कळलं. पाणी बायका-मुलांनी वाटलं. शेवटी सोलकढी. अठरा आले, अठरा पोहोचले, सगळे खूश.

त्यातल्या अकरा जणांनी त्याच वर्षी आयर्नमॅनची फीही भरली. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "अरे, ते ऑफिसात सांगायला बरं पडतं." दुसऱ्याने जास्त प्रामाणिकपणे सांगितलं की आठ महिने पहाटे उठायला मोठ्या रकमेची भीती लागते, पाचशे रुपये गेले तर माणूस पांघरूण ओढून झोपतो. मला हे उत्तर पटलं. हे दोन गट नाहीत. एकच माणूस वर्षातून एकदा नावासाठी पैसे मोजतो आणि उरलेले रविवार स्वस्तात काढतो. साध्या शर्यतीने मोठीची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची. चार साध्या झाल्या तर मोठीसाठी माणसं तयार होतील.

यंदा पुन्हा ठेवायची म्हणून मागच्या आठवड्यात बैठक झाली. होडी ठरली, रुग्णवाहिका ठरली. उठता उठता एकाने हळूच विचारलं, मेडल नाही तरी चालेल, पण निदान करवंटीचं काहीतरी करू या का? कॉलिन्सनेही पहिल्या वर्षी धातूच्या नळ्या वाकवून ट्रॉफ्या स्वतः केल्या होत्या, असं मी सांगितलं. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.