हातात एकच ओळ

एका मंडळाच्या सभासदांची यादी माझ्याकडे आली होती. काही हजार ओळी, आणि प्रत्येकीत तारीख १५/०८/२०१९ अशी. हवी होती २०१९-०८-१५ अशी. सेड हा आज्ञा देऊन मजकूर बदलणारा प्रोग्राम मी नुकताच शिकत होतो. आज्ञा लिहिली, निकाल 'मोठा' (>) या चिन्हाने त्याच फाइलीत वळवला आणि एंटर दाबलं. फाइल शून्य बाइटची!

यात सेडचा दोष नाही. ते चिन्ह शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, वाचतं, आणि सेडला हाक मारण्याआधीच ती फाइल कोरी करून ठेवतं. सेड येतो तेव्हा वाचायला काही उरलेलंच नसतं. यादी मेलमध्ये पडून होती म्हणून वाचलो.

सेड म्हणजे स्ट्रीम एडिटर. तो अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत ली मॅकमहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिला. त्याआधी युनिक्स या संगणकप्रणालीवर केन थॉम्प्सन यांचा ईडी हा मजकूर-संपादक होता (बातम्यांतल्या ईडीशी संबंध नाही, दचकू नका). ईडी अख्खी फाइल पोटात घेऊन बसायचा, आणि तेव्हाच्या संगणकांचं पोट लहान. मॅकमहन यांना अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट पेपर्स'मधला कुठला लेख हॅमिल्टनचा आणि कुठला मॅडिसनचा हे भाषेवरून शोधायचं होतं. लेख ८५, ईडीत ते मावेनात. तेव्हा थॉम्प्सन यांनी ईडीतला शोधण्याचा भाग सुटा काढून दिला, तो ग्रेप. पुढे बदल करण्याचा भागही तसाच सुटा झाला, तो सेड.

त्याची रीत सोपी आहे. एक ओळ उचलायची, सांगितलेलं सगळं तिच्यावर करायचं, बाहेर सोडायची, विसरायची, पुढची उचलायची. म्हणून ओळी पाच असोत की पाच कोटी, मेमरी तेवढीच लागते. मुद्दाम सांगितलं तर तो एखादी ओळ बाजूला धरून ठेवतो, पण ते पहिल्या आठवड्यात शिकू नये.

सगळ्यात जास्त लागते ती 'एस' आज्ञा: एस/राम/श्याम/. प्रत्येक ओळीतला पहिलाच राम बदलतो. सगळे हवेत तर शेवटी 'जी' जोडायचा. पण सेडला शब्द कळत नाहीत, नुसता अक्षरांचा क्रम कळतो. त्यामुळे 'आराम'चा 'आश्याम' होतो आणि 'विराम'चा 'विश्याम'.

माझ्या तारखांची अडचण वेगळी होती. तिरकी रेघ तारखेतही आणि आज्ञेतही, मग कुठली कुणाची? 'एस'नंतर जे चिन्ह द्याल तेच तो विभाजक मानतो, म्हणून मी तिथे # वापरलं. दिवस, महिना, वर्ष कंसांत धरून त्यांना उलट क्रमाने ३, २, १ अशी हाक मारली की तारीख फिरते. फाइल जागच्या जागी बदलायला 'वजा आय' हा पर्याय असतो. त्याला बॅक असं शेपूट जोडलं की जुनी प्रत शाबूत राहते. मी आता शेपटाशिवाय तो कधीच लिहीत नाही.

मराठी मजकुरावर मात्र सेड चालवताना वेगळीच गंमत होते. आज्ञेत टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. 'पुणे'त आपण दोन अक्षरं मोजतो. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) समजणारा सेड चार मोजतो: प, उकार, ण, मात्रा. भाषेची सेटिंग जुनी 'सी' ठेवली तर जीएनयूचा (लिनक्सवर सहसा असतो तो) सेड बारा मोजतो, कारण युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. त्या सेडला 'पहिलं अक्षर काढ' म्हणून एस/.// दिलं तर 'सी'त फुटक्या बाइटांचा कचरा येतो. युनिकोडमध्ये प जातो, उकार मागे राहतो, आणि पडद्यावर तो बिचारा ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. शेजारी 'णे' शाबूत.