पुण्याचं बंदर घाटाखाली

पुण्याला समुद्र नाही, तरी चाकण-भोसरीच्या कारखान्यांचं वेळापत्रक जहाजाच्या तारखेवर ठरतं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुणे मुंबईच्या गोदीला थेट जोडलं गेलं. १:३७ चा तो चढ आजही मालगाडीला कर्जतहून जादा इंजिनं लावायला भाग पाडतो.

मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक बांधला गेला. पहिल्या दोन्हींचे दरवाजे भरतीच्या वेळीच उघडत. पिंप आणि गोण्यांच्या काळात ते चाललं. कंटेनर आल्यावर खोल धक्का आणि मागे मोकळं मैदान हवं झालं. शहराने वेढलेल्या गोदीत ते मिळणार कुठून? म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं आणि १९८९ मध्ये सुरू झालं. पुण्याच्या ट्रकची मुंबईत शिरण्यातून सुटका झाली, हा मोठाच फायदा.

अडचणी आता घाटावर सुरू होतात. रिकामा कंटेनर बहुतेकदा खालून वर आणावा लागतो. भरण्याआधी आत उभं राहून दारं लावून बघा: उजेड दिसला तर छिद्र आहे, तो परत पाठवा. फरशी ओली असेल तरीही परतच. पावसाळ्यात आतल्या ओलाव्याचं पाणी होऊन यंत्रभागांवर गंज चढतो, म्हणून गंजरोधक कागद आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या हव्यातच. जड पेट्या एका टोकाला रचू नयेत. घाटाच्या वळणावर तोल जातो.

जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. सील नंबर, कंटेनर नंबर आणि शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद) यांत एका आकड्याचाही फरक पडला, तर गाडी गेटवर अडते. तेवढ्यात कट-ऑफ, म्हणजे बंदरात माल घेण्याची शेवटची वेळ, चुकला की माल पुढच्या जहाजावर जातो आणि भाडं वाढतं. घाटात दरड किंवा अपघात गृहीत धरून एक रात्र हाताशी ठेवावीच.

कागदपत्रं इथेच उरकायची असतील, तर चिंचवड, दिघी, तळेगावच्या आयसीडी, म्हणजे कस्टमची तपासणी होणारे समुद्रापासून दूरचे कंटेनर डेपो, आहेत.

तयार मोटारींचं मात्र वेगळं. त्या स्वतःच्या चाकांवर जहाजात चढतात, क्रेन लागत नाही. म्हणून चाकणच्या मोटारी अजूनही मुख्यतः मुंबईच्या जुन्या गोदीतून परदेशी जातात.