रक्त प्यायल्यानंतरचे ७२ तास

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी एका बैठकीत २ ते ३ मायक्रोलिटर रक्त पिते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं. हे अन्न तिला सोसायला सोपं नसतं. ते गरम असतं, त्यात पाणी फार असतं, आणि हिमोग्लोबिन फुटल्यावर सुटणारं लोहयुक्त हीम तिच्या पेशींना इजा करतं. तरीही ती तगते आणि तीन दिवसांत शंभराच्या आसपास अंडी घालते, कारण तिच्या शरीरातली जनुकं ठरलेल्या क्रमाने चालू आणि बंद होतात. एखाद्या जनुकाची आरएनए प्रत निघून तिच्यावरून प्रथिन तयार होणं, याला जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. सगळी जनुकं सगळ्या पेशींत असतात. खरा प्रश्न कुठलं, कुठे आणि केव्हा चालू होतं, हा आहे.

पहिला धक्का उष्णतेचा. २२ अंशांच्या खोलीत बसलेल्या मादीचं शरीर रक्त पिताना मिनिटभरात ३२ अंशांवर जातं. उष्णतेने विस्कटलेली प्रथिनं सावरणाऱ्या एचएसपी-७० या प्रथिनाचं जनुक तासाभरात सुमारे आठपट जास्त चालतं. प्रयोगात ते दाबलं, तेव्हा रक्त नीट पचलं नाही आणि अंडी २५ टक्क्यांनी घटली. जास्तीचं पाणी मात्र ती रक्त पितानाच थेंबाथेंबाने बाहेर टाकू लागते.

पचनाचं काम ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम दोन टप्प्यांत करतं. पहिल्या ट्रिप्सिनच्या आरएनए प्रती रक्त मिळण्याआधीच मध्यांत्रात, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागात, तयार पडून असतात; रक्त आलं की लगेच त्यांच्यावरून एन्झाइम बनतं. त्यातून सुटलेली अमिनो आम्लं पुढच्या कामाला इशारा देतात. दुसरं ट्रिप्सिन मग नव्याने बनू लागतं आणि २४ तासांच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो. दरम्यान मेंदूतून संप्रेरक सुटतं, अंडाशय एक्डायसोन हे दुसरं संप्रेरक बनवतं आणि पोटाच्या आतल्या बाजूला चिकटलेली मेदऊती व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, तयार करू लागते. हे जनुकही २४ तासांना शिखरावर असतं आणि ३६ तासांपर्यंत जवळपास बंद होतं. त्यामुळे २४ ऐवजी ३६ तासांनी नमुना घेतला, तर हे जनुक महत्त्वाचंच नाही असा उलटा निष्कर्ष निघेल.

म्हणून नमुन्याची वेळ तासावर पाळावी लागते. शिवाय डासाची अनेक जनुकं दिवस-रात्रीच्या चक्रानेही वरखाली होतात. सकाळी नऊच्या रक्त प्यायलेल्या माद्यांची तुलना संध्याकाळच्या साखरपाण्यावरच्या माद्यांशी केली, तर दिसणारा फरक रक्ताचा की घड्याळाचा, हे कळत नाही.

नमुना घ्यायला मादी बर्फावर बधिर करून थंड क्षारद्रावणाच्या थेंबात ठेवतात. एका चिमट्याने छाती धरायची, दुसऱ्याने पोटाचं शेवटून दुसरं वलय पकडून हलक्या हाताने ओढायचं. रक्ताने तट्ट फुगलेलं मध्यांत्र गडद लाल पिशवीसारखं सरकत बाहेर येतं. घाई केली की ते फुटतं, आणि त्यातलं हीम पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे नमुन्यातल्या प्रती आवर्तनागणिक दुप्पट करून मोजणाऱ्या चाचणीत, अडथळा आणतं. अडथळा ओळखायची रीत सोपी आहे: नमुना दहापट पातळ करून पुन्हा चाचणी घ्यावी. सगळं ठीक असेल तर संकेत सुमारे ३.३ आवर्तनं उशिरा येतो. त्याहून लवकर आला तर नमुन्यात काहीतरी अडवणारं आहे. आणखी एका ठिकाणी नवखे हमखास फसतात. आरएनए शाबूत आहे की नाही, हे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएच्या २८-एस आणि १८-एस अशा दोन पट्ट्यांवरून बघतात. कीटकांच्या २८-एसमध्ये मुळातच एक छुपा छेद असतो. तापवल्यावर त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही १८-एसजवळ येतात. एकच पट्टी दिसली म्हणून चांगला नमुना फेकून देऊ नये.

याच रक्तातून डेंग्यूचा विषाणू आला असेल, तर तो मध्यांत्राच्या पेशींत शिरतो. डास त्याला निमूटपणे वाढू देत नाही. डायसर-२ हे प्रथिन विषाणूच्या दुपदरी आरएनएचे २१ अक्षरी तुकडे करतं. पण हा बंदोबस्त पुरा पडत नाही. विषाणू लाळग्रंथींपर्यंत पोचतो. त्याला किती दिवस लागतात, हे तापमान ठरवतं: २५ अंशांना सरासरी १५ दिवस, ३० अंशांना साडेसहा. खान्देशात हा फरक फार मोठा आहे. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या आसपास, उघड्यावर एडिसचा निभाव लागत नाही. पण कूलरच्या खोलीत, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे तिला सावली, गारवा आणि ओल मिळते. पाऊस सुरू झाला, पारा तिशीच्या आसपास आला, की विषाणूला हवं तेच तापमान घराबाहेरही मिळतं.

अंडी ती पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर कडेला चिकटवते. ताजं अंडं सुकलं की मरतं. साधारण अर्ध्या दिवसाने अंड्यातलं एक आवरण कायटिन बनवणारं जनुक चालू करतं आणि गर्भाभोवती पाणी धरून ठेवणारा थर घालतं. त्यानंतर तेच अंडं कित्येक महिने कोरडं राहूनही जगू शकतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात रिकामा ड्रम नुसता उन्हात पालथा घालून भागत नाही, ते यामुळेच: कडेची अंडी तिथेच असतात आणि पाणी भरलं की फुटतात.

ड्रम, रांजण, हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून काथ्याने घासावेत, पाण्याची रेघ जिथे उमटते तिथे आणि तिच्या वर चार बोटं जास्त जोर लावून. अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत उन्हाळ्या-पावसाळ्यात सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. कूलर आवरून माळ्यावर टाकण्याआधी त्याची टाकी आतून तशीच घासावी आणि गवत काढून जाळावं, कारण ओल्या गवतालाही अंडी चिकटलेली असतात. घासलेलं पाणी मोरीत किंवा गटारीत न ओतता उन्हातल्या कोरड्या मातीवर ओतावं.