घरटं दिसलं, पण मादी गाभण आहे का?

कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमधली पाळलेली मादी ससा एका सकाळी गवताच्या काड्या तोंडात आडव्या धरून, मोठ्या मिशा फुटल्यासारखी, घरभर हिंडू लागते. काड्या खोक्याच्या कोपऱ्यात टाकायच्या, परत यायचं, पुन्हा न्यायच्या. संध्याकाळपर्यंत छातीपोटावरचे केस दातांनी उपटून त्यावर अंथरूनही होतात. घरचे चक्रावतात. गाभण म्हणावी, तर घरात नर नाहीच!

याचं उत्तर तिच्या अंडाशयात आहे. गाय-म्हशीचं बीज ठरावीक चक्राने, माजाच्या सुमारास सुटतं. सशाच्या मादीचं तसं नाही. समागम झाला की मेंदूतून संप्रेरकांचा इशारा निघतो आणि साधारण १० ते १२ तासांनी बीजं सुटतात. पण या इशाऱ्याला नरच हवा असं नाही. दुसरी मादी किंवा नसबंदी झालेला नर अंगावर चढला, तरी कधीकधी तेवढं पुरतं. बीज सुटल्या जागी पीतपिंड तयार होतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक स्रवतं आणि शरीर गर्भ राहिल्यासारखं वागू लागतं. हीच खोटी गर्भधारणा. गर्भ नसेल, तर १६ ते १८ दिवसांत पीतपिंड विरतो. प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं, अंगावरचे केस सैल होतात आणि घरट्याची लगबग सुरू होते. खऱ्या गाभण मादीतही हेच घडतं, फक्त ३० ते ३२ दिवसांनी, विण्याच्या तोंडावर. तेव्हा नुसत्या घरट्यावरून काही ठरत नाही, दिवस मोजावे लागतात.

तिच्या या स्वभावाचा माणसाने एकेकाळी भरपूर फायदा उठवला. अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅफम यांनी १९३१ साली गर्भचाचणी पुढे आणली: स्त्रीची लघवी मादी सशाच्या शिरेत टोचायची आणि नंतर तिचं अंडाशय तपासायचं. स्त्री गरोदर असेल, तर लघवीतल्या संप्रेरकामुळे अंडाशयात बदल दिसत. एकटी ठेवलेल्या मादीत बीज आपोआप सुटत नसल्याने निकालात घोळ कमी. अंडाशय पाहण्यासाठी तिला मारलं जाई, निकाल काहीही लागो.

आता ‘नर नाहीच’ या खात्रीबद्दल. पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, त्यामुळे दुकानातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून आणलेल्या जोडीवर माझा तरी विश्वास नाही. नसबंदीनंतरही नर काही आठवडे मादीला गाभण करू शकतो. शंका असेल, तर डॉक्टरांकडे न्या. दोन आठवड्यांच्या सुमारास पोट चाचपून किंवा सोनोग्राफीने कळतं. घरी पोट दाबून पाहू नका.

घरटं मोडू नका, नर असेल तर वेगळा ठेवा. व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं झालीच, तर उघडी-नागडी, डोळे मिटलेली असतात, म्हणून तर केसांचं एवढं अंथरूण. आई दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटं पाजते. एरवी ती जवळ फिरकत नाही म्हणून ‘टाकून दिली’ असं समजून बाटली-ड्रॉपर काढण्याची घाई नको. पिल्लांची पोटं गोल आणि अंग उबदार असेल, तर सगळं ठीक आहे. पुण्याच्या टेकड्यांवर दिसणारा रानससा ही वेगळीच जात. त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊनच जन्मतात, त्याला असलं बाळंतघर लागत नाही.

खोटी गर्भधारणा वारंवार होत असेल, तर मादीची नसबंदी करून घ्यावी. वाढत्या वयात माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो, तोही त्याने टळतो. मात्र सशांची सवय असलेला डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्याला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं.