ही बत्ती कुठली?

२२ सप्टेंबर १८४६ च्या रात्री आयर्लंडच्या किनाऱ्यावर, डंड्रमच्या उपसागरात, त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं जहाज रुतून बसलं. 'ग्रेट ब्रिटन' त्याचं नाव. लोखंडी बांधणी, वाफेचं इंजिन, मागे पंखा. इझम्बार्ड ब्रुनेल या नामवंत अभियंत्याने ते घडवलं होतं. लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे निघून जेमतेम काही तास झाले होते आणि जहाजावर सुमारे १८० प्रवासी होते. कप्तान होस्कन यांना समोर एक दिवा दिसला. तो इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या 'काफ ऑफ मॅन' बेटावरचा, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात तो होता आयर्लंडच्या सेंट जॉन्स पॉइंटवरचा. १८४४ मध्ये सुरू झालेली ही बत्ती आपल्याजवळच्या नकाशात नव्हतीच, असं कप्तानांचं म्हणणं होतं. प्रवासी सुखरूप उतरले. जहाज मात्र जवळजवळ वर्षभर तिथेच अडकलं आणि त्या खर्चाने मालक कंपनीचं दिवाळं निघालं.

म्हणजे दिवा नव्हता म्हणून हा अपघात झाला असं नाही; दिवा होता, स्वच्छ दिसतही होता. काळोखात कप्तान जपून चालतो, पाण्याची खोली मोजत राहतो. ओळखीचा वाटणारा दिवा दिसला की तो निश्चिंत होऊन जहाज पुढे काढतो. म्हणून दीपगृहाची दोन कामं आहेत: दिसणं आणि आपण कोण ते सांगणं. यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं आणि ते जमायला माणसाला फार वेळ लागला.

जुन्या काळी मनोऱ्यावर लाकडं, कोळसा किंवा तेलाचे दिवे जळत. लांबून सगळे सारखेच दिसत. किनाऱ्यावर दीपगृहं मोजकी होती तोवर हे चाललं. ती वाढत गेली तशी पंचाईत झाली. कुठे शेजारी शेजारी दोन मनोरे बांधून पाहिले, कुठे लाल काच लावली. खरी वाट स्वीडनमध्ये सापडली. १७८१ साली मार्स्ट्रांडच्या कार्ल्स्टेन किल्ल्यावर योनास नोरबेर्ग यांनी घड्याळासारख्या यंत्राने फिरणारा दिवा बसवला. झोत आपल्याकडे वळला की उजेड, पुढे सरकला की काळोख. दिव्याला लय आली, आणि लय मोजता येते.

पुढे चार्ल्स बॅबेज यांनी ही कल्पना शेवटापर्यंत नेली. गणकयंत्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक दीपगृहाला एक क्रमांक द्यावा आणि दिव्याने तो क्रमांक रात्रभर सांगत राहावा. दिवा एकाच जागी जळत ठेवायचा, त्यावर झाकण पाडून उचलायचं, आणि किती वेळा अंधार झाला ते खलाशाने मोजायचं. १८५१ मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा त्यांनी आपल्या घराच्या वरच्या खिडकीत असा दिवा लावला. रस्त्याने जाणारे लोक अंक मोजत आणि चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पत्रपेटीत टाकत. दीपगृहांच्या इतिहासातला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग आहे. समुद्र न पाहिलेल्या माणसालाही दिव्याची भाषा वाचता येते, हे त्यातून दिसलं.

जगाने बॅबेज यांचे क्रमांक जसेच्या तसे उचलले नाहीत, पण मोजण्याची कल्पना राहिली. १८७४ च्या सुमारास जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने झोतांचे गट पाडले. दिव्याभोवती भिंगांचा पिंजरा फिरत असतो. त्यातली भिंगं सारख्या अंतरावर न लावता दोन-दोन किंवा तीन-तीन जवळ आणली की चमकाही तशाच येतात: दोन पाठोपाठ, मग मोठा काळोख, पुन्हा दोन. पुढे हा टनावारी वजनाचा पिंजरा पाऱ्याच्या हौदात तरंगवू लागले. मग तो बोटाने ढकलला तरी फिरे, त्यामुळे वेग वाढवून चमका लवकर-लवकर देता आल्या.

आज प्रत्येक बत्तीची चाल ठरलेली असते. काही चमकतात, म्हणजे काळोख जास्त आणि उजेड क्षणभर. काही उलट: उजेड जास्त, मधेच क्षणभर अंधार. काहींचा उजेड-अंधार समसमान. नकाशावर बत्तीच्या खुणेशेजारी ही चाल एका ओळीत लिहिलेली असते: किती चमका, कुठला रंग, किती सेकंदांनी फेरा पुरा होतो, दिवा पाण्यापासून किती उंच, किती सागरी मैलांवरून दिसतो. बोस्टनजवळच्या मायनॉट्स लेजची चाल १८९४ पासून एक, चार, तीन अशी आहे. इंग्रजीत 'आय लव्ह यू' या शब्दांतली अक्षरंही तितकीच, म्हणून तिथले लोक तिला प्रेमाची बत्ती मानतात.

वाचन मात्र वाटतं तितकं सोपं नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला वेसां नावाचं बेट आहे. इंग्लिश खाडीत शिरणारी असंख्य जहाजं त्याच्या बाजूने जातात. बेटाच्या पश्चिमेला क्रेआकची बत्ती: दोन पांढऱ्या चमका, फेरा १० सेकंदांचा. पूर्वेकडे स्टिफ: चमका दोनच, पण लाल, फेरा २० सेकंदांचा. नैऋत्येला समुद्रातल्या खडकावर ला झ्युमां: तीन लाल चमका, १५ सेकंदांचा फेरा. आता समजा, लाटा उंच आहेत आणि झ्युमांची एक चमक लाटेआड गेली. उरल्या दोन लाल चमका. म्हणजे स्टिफ? बेटाचं उलट टोक! इथे वाचवतं ते घड्याळ. एका गटाच्या पहिल्या चमकेपासून पुढच्या गटाच्या पहिल्या चमकेपर्यंत मोजायचं, तेही एकदा नव्हे, निदान तीन वेळा. १५ सेकंद आणि २० सेकंद यांत लाट गफलत करू शकत नाही.

रंगावर भिस्त का ठेवत नाहीत, हेही यात आलं. लाल काच दिव्याचा बराचसा उजेड स्वतःच गिळते, म्हणून तितक्याच ताकदीचा लाल दिवा कमी लांब पोचतो. शिवाय धुरकट हवेत पांढरा दिवाही तांबूस दिसतो, मावळता सूर्य दिसतो तसाच. चमक किती छोटी असावी यालाही मर्यादा आहे. आपल्या डोळ्याला उजेड साठवायला थोडा वेळ लागतो. ब्लाँडेल आणि रे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये त्याचं सूत्र मांडलं. त्यानुसार मंद दिव्याची ०.२ सेकंदाची चमक डोळ्याला सतत जळणाऱ्या दिव्याच्या निम्म्याच तेजाची भासते.

अंतर कळतं ते पृथ्वीच्या गोलाईमुळे. दिवा पाण्यापासून ५० मीटर उंच आणि पाहणाऱ्याचा डोळा ९ मीटरवर असेल, तर दिवा सुमारे २१ सागरी मैलांवर, म्हणजे ३९ किलोमीटरवर क्षितिजातून वर येतो. त्याआधी आकाशात नुसती उजळ झाक फिरताना दिसते. दिवा अगदी क्षितिजावर आहे की नाही हे पाहायला खलाशी गुडघे वाकवतात. वाकल्यावर दिवा बुडाला आणि उभं राहिल्यावर दिसला, की अंतर हातात आलं!

दिवसा काम रंगरंगोटी करते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनाचा किनारा सपाट, वाळूचा, ओळखीचा डोंगर नसलेला. म्हणून १८७० च्या दशकात तिथल्या मनोऱ्यांना वेगवेगळे वेश मिळाले. हॅटेरसला काळे-पांढरे तिरपे पट्टे, लुकआउटला शंकरपाळ्यांसारखे चौकोन, बोडीला आडवे पट्टे. करिटकची लाल वीट तशीच ठेवली. न रंगवणं हीच तिची खूण.

'ग्रेट ब्रिटन' नंतर पुन्हा समुद्रावर गेलं. १८५७ च्या अखेरीस ते इंग्रज घोडदळाचे सैनिक घेऊन मुंबईला आलं. त्या वेळी कुलाब्याच्या टोकावर जुनी बत्ती होती. खांदेरीची १८६७ मध्ये उभी राहिली, कुलाब्यापुढच्या खडकांवरची प्राँग्ज १८७५ मध्ये. आज दक्षिणेकडून रात्री मुंबईला येणाऱ्या जहाजाला आधी खांदेरी आणि मग प्राँग्ज ओळखावी लागते, तीही मागे लखलखणाऱ्या शहराच्या हजारो दिव्यांतून वेचून. आणि 'ग्रेट ब्रिटन' इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ज्या गोदीत जन्मलं, तिथेच १९७० पासून कायमचं उभं आहे.